टाचेवरचा थेंब

संजीवनी वहिनीच्या काही सवयी.

कुणाच्याही अंगणात शिरताना ती आधी खाकरते, मग हाक मारते. हाक माणसाला नसते, घराला असते. "हाय का गो घर?"

खाटेवर बसत नाही. भुईवर बसते, तेही भिंतीला पाठ न टेकता.

लहान पोर दिसलं की अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून डोळ्यातली लाली बघते. पोरांना हे माहीत झालंय. काही तर ती जवळ यायच्या आत स्वतःच पापणी ओढून उभी राहतात.

पोराचं नाव नंतर. आधी विचारते, लघवीला कधी गेला होतास.

गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकत नाही. दुमडून पिशवीच्या मागच्या कप्प्यात ठेवते. कशासाठी, ते तिलाही सांगता येत नाही.

चहा दिला तर अर्धा पिते. उरलेला त्याच घरच्या कुणाला तरी देते.

"बरं होईल" असं कधी म्हणत नाही. "बघू या" म्हणते.

एखादी बाई खोटं बोलतेय हे तिला लगेच कळतं. ती रागावत नाही. पिशवीची चेन लावते आणि गप्प बसून राहते. थोड्या वेळानं ती बाई आपण होऊन खरं सांगायला लागते.

संजीवनी वहिनी आमच्या पाड्याची आशा सेविका. डोळखांबच्या वर डांबरी रस्ता संपतो, तिथून पुढे चढण लागते, त्या चढणीवर आमची घरं आहेत. माहेर तिचं तिकडे मुरबाडात, धसईजवळ. बारावी झाल्यावर लग्न होऊन इकडे आली. नवरा सूरजदादा मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला आहे. चार-पाच जणांत खोली घेऊन तिथेच राहतो, सुट्टीला घरी येतो. घरी सासू बाईजाआजी आणि मुलगी अंजू. अंजू दुसरीत आहे.

मी शेजारची, माधुरी. वहिनीपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि गेल्या वर्षीपासून घरीच होते. दुपारी वहिनी पाड्यात निघाली की मी तिच्याबरोबर जायची. ती बोलायची आणि मी पिशवी धरायची.

जुलैत आमच्याकडे आवणी असते. राबात, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात, वाढवलेली भाताची रोपं काढायची आणि चिखल केलेल्या खाचरात लावायची. दिवसचे दिवस पाण्यात उभं राहायचं. टाचांना भेगा असतील तर त्यांत चिखल भरतो, पाय सडतात. म्हणून आवणीच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी बायका बिब्बा घालतात. बिब्ब्याला दाभण टोचायचं, दिव्यावर धरायचा, तेल सुटायला लागलं की काळा थेंब भेगेत सोडायचा. चर्र होतं. बाई तोंड वाकडं करते आणि दुसरा पाय पुढे करते. हे आमच्या आज्या करत आल्या, आया करतात. मोठ्या माणसाच्या टाचेचं कातडं जाड असतं. ते सोसतं.

लहान पोराला बिब्बा लावायचा नाही, हे वहिनी दर घरी सांगायची. कातडं भाजतं, अंग सुजतं, लघवी बंद होऊ शकते. नुसतं सांगून ती थांबायची नाही. मागच्या वर्षी अंगणवाडीत बायकांची बैठक होती. खालच्या आळीच्या गुणाबाईनं नातवाच्या मांडीवर गाठ आली म्हणून बिब्ब्याचे ठिपके दिले होते. वहिनीनं सगळ्या बायकांसमोर त्या पोराची चड्डी वर केली, मांडी दाखवली आणि म्हणाली, बघा, आजीची माया अशी असते. बायका हसल्या. वहिनीनं फोटो काढला, तोंड न दाखवता, आणि आरोग्याच्या ग्रुपवर टाकला. वरून शाबासकी आली. गुणाबाई सत्तरीच्या पुढची. तिनं पोराची चड्डी खाली केली, त्याला कडेवर घेतलं आणि निघून गेली. त्यानंतर ती अंगणवाडीत आली नाही.

मीही तेव्हा हसले होते. वहिनीचं बरोबरच आहे, असं मला वाटलं होतं. ते बरोबरच होतं.

आता जे सांगते ते मला दवाखान्यात कळलं, पण आधीच सांगून टाकते.

यंदाच्या आवणीच्या आदल्या संध्याकाळी बाईजाआजी दिवा घेऊन बसली होती. वहिनी आजीच्या टाचांना बिब्बा घालत होती. मग तिनं स्वतःच्या टाचेला घातला. अंजू समोर बसून बघत होती. तिच्या टाचेला काटा बोचून चीर पडली होती. तिनं पाय पुढे केला. मला पण, म्हणाली. उद्या मी पण रोपं देणार.

वहिनीच्या हातात दाभणाला टोचलेला बिब्बा होता. तेल सुटलेलं होतं. तिनं एक थेंब सोडला.

नंतर ती मला म्हणाली, मी विचार केला आणि घातला असं नाय. मी विचार केला नाय असं पण नाय. वहिनीच्या लहानपणी तिच्या आईनं दर वर्षी तिच्या टाचेला असाच थेंब सोडला होता. पाय पुढे आला आणि हात गेला.

अंजू रडली नाही. तिला मोठं झाल्यासारखं वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी ती खाचरात उतरली. रोपांच्या जुड्या बायकांच्या हातात देत दिवसभर चिखलात फिरली. संध्याकाळी टाचेला फोड आला. मग पाऊल सुजलं. मग ताप. एका सकाळी तिचं तोंड सुजलेलं दिसलं, डोळे बारीक झालेले. लघवी थोडीशीच झाली, काळ्या चहासारखी.

वहिनीनं मला हाक मारली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. आमी खाली दवाखान्यात चाललो, तू येतेस का, म्हणाली. मी चप्पल घातली. सूरजदादाला फोन मीच लावला.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर वहिनीला ओळखतात. तिच्या कामावर त्यांचा विश्वास आहे. त्यांनी अंजूला तपासलं, टाच पाहिली आणि विचारलं, यावर काही लावलं होतं का. वहिनी म्हणाली, नाही सर. पावसाळी चप्पल घासली. काळं दिसतंय तो चपलेचा रंग उतरलाय. मग आवणीत चिखलात उतरली.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. कुणाही दुसऱ्या बाईला त्यांनी पुन्हा विचारलं असतं. चिखलातून येणारा ताप, लेप्टो, त्यांच्या डोक्यात आधी तोच आला. त्या दिवसांत तोच येतो. उंदराच्या मुतानं पाणी बिघडतं आणि जखमेतून ते अंगात जातं. त्यांनी शहापूरच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. मी समोर होते. ते म्हणाले, आई आपलीच आशा आहे, माहिती पक्की मिळेल.

वहिनी खाली बघत होती. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं.

शहापूरला मुलांच्या वॉर्डात खाट मिळाली. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. किडनीवर ताण आलाय, म्हणाल्या. लेप्टोसाठी रक्त ठाण्याला पाठवू, रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर औषध सुरू करू. त्यांनीही विचारलं, घरगुती काही केलं होतं का. लेप, पाला, काहीही. वहिनी म्हणाली, नाही मॅडम.

तिथून वाट बघणं सुरू झालं.

अंजूची लघवी एका प्लास्टिकच्या मापात धरायची आणि किती झाली ते नर्सला सांगायचं, हे वहिनीचं काम. ती माप खिडकीकडे नेऊन उजेडात धरायची. रंग बघायची. परत बघायची. अंजूला त्याची गंमत वाटायला लागली.

"आई, आज किती मार्क?"

"कालच्यापेक्षा जास्त."

"मग मी पास?"

वहिनी माप धुवायला निघून गेली.

शेजारच्या खाटेवर बाळी नावाची बाई होती. डोंगरातल्या वाडीवरची. तिच्या मुलाला कावीळ झाली होती. त्याच्या गळ्यात काड्यांची माळ होती, ती रोज लांब होते आणि कावीळ उतरते म्हणतात. दंडाला दोरा होता. कपाळाला राख. नर्स रोज तिच्यावर चिडायची. ही माळ कुणी घातली, हा दोरा कुणाचा, झाडपाल्याचं काय पाजलंस. बाळी एकेक सगळं सांगायची, कुठल्या भगतानं काय दिलं, किती वेळा दिलं, पोरानं कसं ओकलं. नर्स कपाळाला हात लावायची. एकदा वैतागून म्हणाली, तुम्हाला शंभरदा सांगितलं तरी तुम्ही करताच.

"करतो," बाळी म्हणाली. "पण सांगते का नाय तुला? लपवते का?"

वॉर्डातल्या बायका हसल्या. नर्सही हसली. वहिनी उठून बाहेर गेली.

संध्याकाळी सूरजदादा ड्युटी संपवून मुरबाडहून एस.टी.नं यायचा. अंजूच्या पायाशी बसायचा. यंदा म्हसा गावाच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसवीन, म्हणायचा. अंजू म्हणायची, आईला पण, आई घाबरते. त्याला काही माहीत नव्हतं. तो वहिनीला म्हणायचा, तू जेव काहीतरी, तू आजारी पडलीस तर काय. तो जितकं गोड बोलायचा तितकी ती तुटक बोलायची. एकदा तो म्हणाला, तू होतीस म्हणून लवकर कळला, दुसरी असती तर अंगावर काढला असता. ती त्याच्या अंगावर धावल्यासारखी म्हणाली, "गप बस ना जरा."  तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, टेन्शन आलंय तिला.

गावाकडून फोन यायचे. आमची आवणी अर्धी राहिली होती, वहिनीची तर जवळजवळ सगळीच. बाईजाआजी एकटी काय करणार. एका दुपारी आजीचा फोन आला. कुंडलिक चार माणसं घेऊन आला होता आणि दोन दिवसांत सगळी खाचरं लावून दिली. कुंडलिक म्हणजे गुणाबाईचा मुलगा. म्हातारीनंच त्याला पाठवलं होतं. आजी फोनवर सांगत होती, गुणाबाय बोलली, तिची पोर दवाखान्यात हाय, रोप पिवळा पडेल.

वहिनीनं फोन बंद केला आणि मला म्हणाली, चल, चहा पिऊन येऊ.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर टपरी आहे. भर दुपार होती. रिक्षावाले वडापाव खात होते. वहिनीनं चहा घेतला आणि तो तसाच हातात धरून उभी राहिली.

"माधू, एक सांगते. मधी बोलू नको."

मी तिच्या जवळ सरकले.

"चप्पल नाय लागली तिला. मी बिब्बा घातला."

मला आधी कळलंच नाही. कुणी घातला, असं मी विचारलं. ती म्हणाली, मी. मग तिनं ते सगळं सांगितलं, दिवा, दाभण, अंजूनं पुढे केलेला पाय. ती सांगत होती आणि मला समोर अंगणवाडीतली मांडी दिसत होती. 

डॉक्टरांना का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"पहिल्या वेळेला तोंडातून गेला. नाय म्हणून. मग त्यांनी फोनवर माझा नाव चांगला सांगितला. मग मला परत फिरता आला नाय."

मग आता सांग, मी म्हटलं. रिपोर्ट यायच्या आत सांग.

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग जे म्हणाली ते तिनं मला उद्देशून म्हटलं असंही नाही.

"मी देवाला सांगते, लेप्टो येऊ दे."

मी तिच्याकडे बघितलं.

"लेप्टो आला तर चिखलाचा. चिखल काय माझ्या एकटीचा नाय, सगळा पाडा त्यात उतरतो. आणि नाय आला तर माझा. लेप्टोनं माणसं गेलेली मी बघितली हायत, माधू. हातानं त्यांचे कागद केलेत. आणि मी माझ्या पोरीला तोच मागते. का, तर माझ्यावर नको यायला. कुठली आई असा मागते गो?"

 टपरीवाल्यानं ग्लास मागितला. तिनं चहा तसाच गटारात ओतला आणि ग्लास दिला.

त्या दिवशी ती सांगेल असं मला वाटलं. तिनं सांगितलं नाही. डॉक्टर बाई फेरीला आल्या, अंजूचं पोट दाबून पाहिलं, काही विचारायचंय का म्हणाल्या. वहिनीनं नाही म्हणून मान हलवली. मी वहिनीकडे बघत होते. मी सांगू का, हे माझ्या तोंडापर्यंत आलं. तिनं माझा हात धरला, जोरात. 

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी पुन्हा कमी झाली. वहिनीनं माप खिडकीत धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग माप तसंच हातात घेऊन ती वॉर्डातून बाहेर पडली. मी मागे गेले. डॉक्टर बाई त्यांच्या खोलीत काहीतरी लिहीत होत्या. वहिनी दारात उभी राहिली. खाकरली. घराला हाक मारताना खाकरते तशी.

तिनं सगळं सांगितलं. रडली नाही. रुग्णाची माहिती देतात तशा क्रमानं सांगितलं. कधी घातला, किती घातला, फोड कधी आला, वर खोबरेल लावून काळा डाग निघेल तेवढा घासून काढला तो कधी. हे डाग घासल्याचं मलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही आशा आहात ना?"

"हो मॅडम."

 त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनी नंतर म्हणाली. त्या उठून वॉर्डात आल्या, अंजूच्या टाचेची पट्टी स्वतः सोडली, जखम धुऊन घेतली. एक औषध थांबवलं, दुसरं सुरू केलं. नर्सला काही सूचना दिल्या. जाताना म्हणाल्या, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर आपण हे दिवस वेगळे वापरले असते.

वहिनी मान डोलावत राहिली. त्या गेल्या तरी ती मान डोलावत होती.

संध्याकाळी सूरजदादा आला तेव्हा तिनं त्यालाही बाहेर नेऊन सांगितलं. मी अंजूजवळ बसले होते. तो परत आला तेव्हा त्यानं अंजूची टाच उचलली, पट्टीवर फुंकर घातली आणि परत खाली ठेवली. वहिनीशी तो त्या दिवशी बोलला नाही. पण निघताना तिच्यासाठी आणलेला डबा उघडून तिच्यासमोर ठेवला आणि ती खाईपर्यंत थांबला.

हळूहळू सूज उतरली. अंजूचे डोळे पुन्हा मोठे दिसायला लागले. माप भरायला लागलं. बाळीच्या मुलाला घरी सोडलं, जाताना तिनं त्याच्या दंडाचा दोरा सोडून अंजूला बांधला. नर्स तिथेच होती. तिनं दुसरीकडे बघितलं.

मग ठाण्याहून रिपोर्ट आला.

लेप्टो नव्हता. रक्तातले किडनीचे आकडे उतरत होते. डॉक्टर बाई पहिल्यांदा हसल्या. सूरजदादा पेढे आणायला गेला. नर्सनं अंजूला विचारलं, किती मार्क पाहिजेत. अंजू म्हणाली, सगळे.

वहिनीनं तो कागद दोन्ही हातांनी धरला होता.

"मग बिब्ब्यानंच ना, मॅडम?"

डॉक्टर बाई म्हणाल्या, असेल. काट्याच्या जखमेतले साधे जंतूही असं करतात. दोन्ही मिळूनही झालं असेल. कशानं झालं ते आता कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. ती बरी होतेय, तेवढं धरा.

वहिनीनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिनं तो माझ्याकडे दिला.

एस.टी.नं आम्ही परत आलो तेव्हा खाचरं हिरवी झाली होती. वहिनीची सगळ्यांत हिरवी, कारण कुंडलिकनं रोप दाट लावलं होतं. अंजू सूरजदादाच्या खांद्यावर होती. पाड्यातल्या बायका अंगणात येऊन तिला बघून गेल्या. कुणी अंडी दिली, कुणी नाचणीचं पीठ. चिखलाचा ताप होता ना गो, असं सगळ्या विचारत होत्या. बाईजाआजी घाईघाईनं हो म्हणायची.

त्या संध्याकाळी वहिनी आजीला म्हणाली, मी उद्यापासून घरोघरी जाऊन सांगणार आहे. आजीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"कोण इचारतंय तुला? पोर आली ना घरी? मग गप ऱ्हा."

"मी लोकांना बोलते ना."

"बोलतेस तर बोल. पण आपला तोंड आपण कशाला काळा करायचा? आणि दिवा मीच धरला होता. म्हणजे माझा पण सांगशील?"

"तुमचा नाय सांगत. माझा सांगते."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. मी पिशवी घेतली.

हे सोपं नव्हतं, पण मला वाटलं होतं तसंही झालं नाही. वहिनी भुईवर बसायची आणि एका वाक्यात सांगायची. अंजूला ताप चिखलाचा नव्हता, मी तिच्या टाचेला बिब्बा घातला होता आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं. मग गप्प बसायची.  एक बाई म्हणाली, जाऊ दे, आमी पण घालतो, तू बघत नाय तेव्हा. एक म्हणाली, मग एवढी वर्षं आमच्या बिब्ब्याला का नावं ठेवलीस. एका घरी सासूनं सुनेला आतून बोलावलं, इकडे ये, ऐक, आशाताय काय सांगते. मैनाकाकीनं तर चहा ठेवता ठेवता विचारलं, "मग अंजूच्या टाचेचा फोटो टाकलास का ग्रुपवर?"

वहिनी म्हणाली, नाही टाकला.

"टाक की. तोंड नको दाखवू."

मैनाकाकी वाईट नाही. तिनं चहात साखर जास्त घातली होती. त्या संध्याकाळी वहिनीनं खरंच अंजूच्या टाचेचा फोटो काढला आणि खाली सगळं लिहून ग्रुपवर टाकला. त्यावर कुणाचंच उत्तर आलं नाही. आठवडाभरानं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. काम सोडू नका, एवढंच ते म्हणाले. पण त्यानंतर ती कुणाची माहिती सांगायला लागली की ते शांतपणे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात. ती दोन्ही वेळा नीट उत्तर देते.

असं करत वरची आळी झाली, मधली झाली, खालची आळी सुरू झाली. गुणाबाईचं घर तिनं शेवटी ठेवलं. माझ्या लक्षात आलं होतं.

त्या दिवशी गुणाबाई ओटीवर बसून तांदूळ पाखडत होती. नातू तिथेच लोळत होता. वहिनी अंगणात खाकरली. घराला हाक मारायच्या आधीच म्हातारीनं वर पाहिलं.

"ये गो. बस. पोर कशी हाय?"

बरी आहे, वहिनी म्हणाली. ती भुईवर बसली.

"लघवी होते ना नीट?"

"होते."

"मग झाला. मी कुंडलिकला रोज इचारायची, फोन लाव, लघवी झाली का इचार. तो लाजायचा." म्हातारी दात नसलेलं हसली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि नातवाला म्हणाली, पाणी आण आशाताईला.

सगळ्या पाड्यानं ऐकलं होतं, तेव्हा तिनंही ऐकलं असणारच. तसं तिनं दाखवलं नाही. पोर पाणी घेऊन आलं. त्याच्या मांडीवरचे ठिपके आता फिके झाले होते. तांब्या वहिनीच्या पुढे धरून ते तिच्यासमोर उभं राहिलं आणि आपणच बोटानं डोळ्याची पापणी खाली ओढली.

वहिनीनं त्याच्या डोळ्यात बघितलं नाही. तांब्या घेतला. एक घोट प्यायली.

"गुणाबाय, त्या बैठकीत मी..."

म्हातारी वाट बघत राहिली. वहिनी ज्या पद्धतीनं बायकांसमोर गप्प बसते तशी, घाई न करता. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कोंबड्या सुपाकडे आल्या. म्हातारीनं हातानं त्यांना हाकललं आणि परत वहिनीकडे बघितलं.

वहिनीनं तांब्या खाली ठेवला आणि उठली.

"येते परत," म्हणाली. "बोलायचा हाय."

"ये," म्हातारी म्हणाली. "मी कुठं चाललेय."

भात कापून झालं. झोडपून झालं. अंजू शाळेत जाते, महिन्यातून एकदा शहापूरला तिची तपासणी असते, ती चांगली येते. वहिनी पाड्यात रोज फिरते. खालच्या आळीला जाताना ती आता ओढ्याकडून जाते. तिकडून गेलं की सगळी घरं लागतात, गुणाबाईचं तेवढं लागत नाही.